पुलाखाली लेकरं बुडून राहिलीत

गुन्ह्याच्या मानाने ते प्रकरण अगदीच किरकोळ होते. ना खून, ना दरोडा. तरी निवृत्तीनंतर सर्वांत जास्त आठवते ते तेच.

उमरीकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभार तेव्हा माझ्याकडे होता. नियंत्रण कक्षाकडून वरचेवर एकच निरोप येऊ लागला : नदीवरच्या पुलाखाली मुले बुडत आहेत, तातडीने पोहोचा. आमची गाडी धावत जायची. पुलाखाली गुडघाभर पाणी, दोन-चार म्हशी आणि कपडे धुणाऱ्या बाया. बुडणारे कोणी नाही. बाया आम्हालाच विचारायच्या, "काय झालं हो साहेब?"

फोन दर वेळी वेगळ्या नंबरवरून यायचा. आम्ही नंबरवाल्यांना बोलावले. एक केळीवाला, एक बसस्टँडवरचा प्रवासी, एक कॉलेजची मुलगी. तिघांचा जबाब सारखाच. एक माणूस धावत आला, हात जोडून म्हणाला, फोन द्या, पुलाखाली लेकरं बुडून राहिलीत. बोलला आणि नदीकडे पळाला.

ठाण्यात सगळ्यांना हा कोणाचा तरी टवाळपणा वाटत होता. पण एके दिवशी आमची गाडी पुलावर गेलेली असताना महामार्गावर ट्रकने मोटारसायकलला धडक दिली. आम्ही उशिरा पोहोचलो. जखमी वाचला, त्याचा पाय मात्र गेला. वरिष्ठांनी स्पष्ट आदेश दिला : फोन करणाऱ्याला शोधा आणि गुन्हा नोंदवा.

खबर दिली ती स्टँडजवळच्या एका न्हाव्याने. नाव सांगण्याआधी तो म्हणाला, "साहेब, धराल पण मारू नका. त्यो तुमच्याच ठाण्यात सत्कार झालेला माणूस हाय."

सत्काराची ती हकिकत माझी तिथे बदली होण्यापूर्वीची. पुराच्या दिवसांत शाळेची मुले घेऊन जाणारी एक जीप त्या पुलावरून नदीत गेली होती. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस काठावर एक मोटार खोलून बसला होता. डिझेलचा तवंग आलेल्या त्या पाण्यात त्याने तशीच उडी घेतली आणि दोन मुले बाहेर काढली. बाकीची गेली. ठाण्यात त्याला शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र दिले गेले. वर्तमानपत्रात फोटोही आला.

त्याला ठाण्यात आणले तेव्हा चाळिशीचा, अंगाने वाळलेला, स्वच्छ शर्ट घातलेला माणूस माझ्यासमोर उभा राहिला. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. मी त्याला बसायला सांगितले, चहा मागवला.

"फोन तुम्हीच केले?"

"हाव."

"खोटा फोन करणं गुन्हा आहे, माहीत आहे?"

"खोटा न्हाई साहेब. लेकरं वरडतात. तुम्हाला आयकू येत न्हाई का?"

खोटे बोलणारा माणूस समोरच्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवून असतो. समोरच्याला किती पटले, याचा तो अंदाज घेत असतो. हा माणूस मला तपासत नव्हता. मला ऐकू येत नाही याचेच त्याला नवल वाटत होते.

मी त्याच्या बायकोला बोलावून घेतले. शेतात मजुरीला जाणारी बाई, डोक्यावरचा पदर सारखा करत ती दाराशीच उभी राहिली. तिनेच त्याचा मोबाईल काढून घेतला होता, म्हणून तो लोकांचे फोन मागायचा. "साहेब, यांनी काम सोडलं. डिझेलचा वास आला की उलटी होती. झोपेत हातपाय झाडतात. लई ठिकाणी नेलं, गंडा बांधला, काय उपेग झाला न्हाई." मग म्हणाली, "रविवारी बरे असतात. दिवाळीच्या सुट्टीत तर वाटलं, गेलं एकदाचं. सुट्ट्या संपल्या की पुन्हा तेच."

रविवार आणि दिवाळीची सुट्टी. हे दोन्ही शब्द मनात घोळत असतानाच ठाण्याच्या भिंतीपलीकडची शाळा सुटली. घंटा झाली आणि मुलांचा एकच गलका उठला.

त्याच्या हातातला कप खाली पडला. "साहेब, गाडी काढा! लवकर काढा!" तो दाराकडे धावला. दोन शिपायांना आवरेना. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितले आणि त्याचा दंड धरून त्याला खिडकीशी नेले.

"बघा. शाळा सुटली आहे. दप्तरं घेऊन घरी चाललीत."

तो खिडकीचे गज धरून पाहत राहिला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. शेवटचे मूल रस्त्याला लागेपर्यंत त्याने नजर हटवली नाही. मग तिथेच फरशीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

खोटी माहिती दिल्याचा गुन्हा लागतो तो माहिती खोटी आहे हे ठाऊक असणाऱ्याला. या माणसाला ती खरी वाटत होती. मी तसा अहवाल पाठवला आणि उपचाराची शिफारस केली. वरिष्ठांनी फोनवर विचारले, "पुन्हा गाडी फुकट गेली तर जबाबदार कोण?"

"मी, सर."

खरी अडचण पुढे आली. नांदेडच्या दवाखान्यात नेऊ म्हटल्यावर बायको कळवळून म्हणाली, "तिथं वळखीचे लोक भेटतात. पोरीचं लगीन जमवायचंय साहेब. बाप येडा हाय म्हणतील." तिची बहीण अहमदपूरला होती. शेवटी असे ठरले की गावात गुडघेदुखीचे सांगून बहिणीकडे उतरायचे आणि तिथून लातूरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायचे. पहिल्या वेळी मी सोबत गेलो.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाई न करणाऱ्या. त्या आम्हाला म्हणाल्या, "याला आघातानंतरचा मानसिक आजार म्हणतात. हे वेड नव्हे, जखम आहे. तो दिवस यांच्यासाठी अजून संपलेलाच नाही. हळूहळू तो संपवायचा आहे." झोपेसाठी गोळ्या होत्या, पण मुख्य उपचार बोलण्याचा होता. त्या दिवशी काय घडले ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचे, पुन्हा पुन्हा सांगायचे.

ते सोपे गेले नाही. सुरुवातीला तो तिथे नुसता बसून यायचा. मध्येच जाणे सोडले. पावसाळ्यात एका दुपारी बायकोचा ठाण्यात फोन आला, तो छातीभर पाण्यात उतरला होता. मासे धरणाऱ्या भोई लोकांनी त्याला ओढून काढले. त्यानंतर तो स्वतःहूनच म्हणाला, "मला लातूरला न्या."

पुढे बऱ्याच महिन्यांनी मी त्याच्या घरी गेलो. अंगणात तो एका मोटारीत तांब्याच्या तारेचे वायंडिंग भरत बसला होता. बायको आत गेल्यावर, हातातली तार न सोडता, मी न विचारताच तो बोलू लागला.

"साहेब, दोघंच न्हवते. दोन्ही हातांत दोघं होते, तिसऱ्यानं मागून शर्ट धरलता. आम्ही समदेच खाली चाललतो. मी झटका दिला. त्याचा हात सुटला." त्याने तारेचा एक वेढा घट्ट ओढला. "माझ्या अंगावर शाल टाकली तवा त्या लेकराचा बाप समोर बसून टाळ्या वाजवून राहिला होता. वाटलं, सांगून टाकावं. तोंडच उघडलं न्हाई. डॉक्टरीणबाईपुढं पहिल्यांदा बोललो."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. मग विचारले, "आता आवाज येतो?"

"येतो कधी कधी. पण आता पळत न्हाई. उभा राहून आयकतो, अन् कळतं, शाळा सुटली."

पोलिसाला जबाब घेण्याची सवय असते. काय झाले, कधी झाले, कोणी पाहिले, हे आम्ही विचारतो, सही घेतो आणि माणूस घरी जातो. पाण्यातून, आगीतून, चेपलेल्या गाडीतून ज्याने माणसे काढली, त्याचे पुढे काय होते, हे पाहण्याची आमच्या कामात जागाच नाही. शाल देऊन ते काम संपल्यासारखे होते. ही जागा आपणच करायची असते, हे मला त्या माणसाने शिकवले.

पुढच्या प्रत्येक ठाण्यात मी एक रिवाज ठेवला. मोठा अपघात झाला की पंचनाम्याच्या धावपळीनंतर, चार-आठ दिवस जाऊ देऊन, प्रेतांना-जखमींना हात लावलेल्या सगळ्यांना बोलवायचे, गावकऱ्यांना आणि आपल्या शिपायांनाही. चहा द्यायचा आणि झोप लागते का, एवढेच विचारायचे. पहिल्यांदा सगळे हसले. एक जुना हवालदार तर मोठ्याने म्हणाला, "साहेब, आमाला काय होतंय? दगड हाओत आम्ही."

सगळे उठून गेले. तो हवालदार मात्र टोपी मांडीवर ठेवून बसून राहिला.

"बोला," मी म्हणालो, आणि उठून दार लावून घेतले.