सावलीत घट्ट झालेलं दूध

"उन्हाबिगर पानी घट्ट व्हत न्हाय," असं म्हणत काका तळहातावरचा मिठाचा खडा दाताखाली फोडत. सृष्टीचं हे रहस्य जगात एकाच माणसाला उमगलं होतं, आणि तो भाईंदरच्या मिठागरात अनवाणी मुकादमी करत होता. असे सर्वज्ञ तुम्हीही पाहिले असतील. आमचे काका मात्र मिठाच्या बाबतीत खरोखर चुकत नसत. ते "ओढा" म्हणेपर्यंत वाफ्यातल्या मिठाला कुणी फावडं लावत नसे. मी तिथला कारकून, मीही थांबे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या एका वैशाखात मालकांच्या मुलीचं लग्न निघालं. मुंबईहून भुशात गुंडाळलेला बर्फ आणि आइस्क्रीमचं पॉट आलं. आचाऱ्याने बर्फात घालायला मीठ मागितलं.

"मिठानं दूध घट्ट व्हनार? सावलीत?" काका हसले. "झालं, तर पुन्हा आगरात पाय ठेवनार न्हाय."

"मग चपला घेऊन ठेवा, काका," आचारी म्हणाला.

आचाऱ्याने पॉटमधला दुधाचा डबा उघडला. काकांनी बोट खुपसलं, ते आत जाईना. स्वतःचं घर जळताना माणूस बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मीठ आपलंच हाय ना?"



दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. वाफे पांढरे झाले होते, आणि आभाळ भरून येत होतं. एका सरीत हंगाम विरघळला असता. तरी एकही फावडं हलेना. मी त्यांच्या घरी धावलो.

"काका, मिठामुळे बर्फ वितळतो. त्याला लागणारी उष्णता तो दुधातून ओढतो. उष्णता गेली, की दूध गोठतं."

"म्हंजे चाळीस वर्सं मी अर्धंच शिकलो."

"चला आता. पाऊस येतोय."

"शब्द दिलाय ना."

ते आले, पण आगराच्या कडेच्या बांधापर्यंतच. मी वाफ्यात उतरून त्यांना मूठभर मीठ आणून दिलं. त्यांनी खडा फोडला, डोळे मिटले.

"ओढा."

पुढची सहा वर्षं ते त्या बांधावरच बसले. खाली एकदाही उतरले नाहीत. आम्ही ओंजळीतून मीठ वर नेत असू.

ते गेले त्या वर्षी बांधावर कुणी बसलं नाही. मीठ नेहमीच्या आठवड्यातच तयार झालं.