एक पत्ता, बारा मुली

रेणापूरपासून निलंग्यापर्यंत शोधलंत तरी आमच्या साडूंएवढा अडेलतट्टू माणूस सापडायचा नाही. रेणापुरात त्यांची अभ्यासिका आहे. संगणक बारा, इंटरनेटची जोडणी एक. आत प्रत्येक संगणकाला वेगळा क्रमांक असतो, पण बाहेरच्या जगाला सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो. कोणत्या संगणकाने काय मागितलं हे राउटर नावाची डबी लक्षात ठेवते आणि उत्तर नेमकं त्यालाच पोचवते. आतून कुणी मागितलंच नसेल, ते दारातूनच परत. हे तत्त्व साडूंना इतकं पटलं की त्यांनी ते घरालाही लावलं. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी भर उन्हात गेलो, तर हे उंबऱ्यात आडवे. "आतनं कुणी बोलावलं व्हतं का?" मेव्हणीने स्वयंपाकघरातून "मीच बोलावलंय" अशी थाप मारली, तेव्हा कुठे मला पाणी मिळालं.

मागच्या वर्षी मात्र हा हट्ट कामी आला. अभ्यासिकेत बसून बारा मुलींनी नर्सिंगच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरले आणि बाराच्या बारा बाद झाले. सगळे एकाच पत्त्यावरून आले, म्हणजे कुणा एकानेच भरलेले बोगस अर्ज, असं लातूरच्या कचेरीने ठरवलं. शिष्यवृत्ती गेली असती तर बहुतेकींचं शिक्षण तिथेच संपलं असतं. साडूंनी मला ओढतच लातूरला नेलं.

"पत्ता एक, तर माणूस एक," साहेब म्हणाले.

"साहेब, ह्या कचेरीचा पत्ता बी एकच हाय. मग पगार एकालाच देता का?"

साहेबांनी नियमावर बोट ठेवलं. साडू खुर्चीवरून हलले नाहीत. "पोरींचे अर्ज घेतल्याबिगर म्या उठत न्हाई. शिपाई बोलवा, न्हाई तर पोलीस बोलवा." मला घाम फुटला होता, ते मात्र निवांत सुपारी कातरत बसले. संध्याकाळी साहेबच थकले आणि म्हणाले, "उद्या सगळ्यांना समक्ष आणा."

दुसऱ्या दिवशी बाराजणी एसटीने आल्या. टेबलापुढे उभं राहून एकेकीने आपलं नाव, गाव सांगितलं. पहिलीचा आवाज ऐकूसुद्धा येत नव्हता. शेवटचीचा पार व्हरांड्यापर्यंत गेला. अर्ज मंजूर झाले.

त्या मुली आता नांदेडला शिकतात. परवा गेलो तर अभ्यासिकेत साडू एकटेच बसलेले. करमतं का, असं मी विचारलं.

"नांदेडला जाऊन आलो," ते म्हणाले. "हॉस्टेलात परत्येकीच्या दारावर तिचं नाव लिवलंय. बाराच्या बारा वाचली."

मग पाठ फिरवून ते एक बंद स्क्रीन पुसत राहिले. मला त्यांची फार माया आली. मीही एक फडकं घेऊन शेजारच्या संगणकावरची धूळ पुसायला लागलो.