नाव-गावाचा रकाना

क्रिप्टो म्हटलं की येरमाळ्यात लोकांना मटका आठवतो, आणि एक बाई त्याचा ग्रुप चालवते म्हटल्यावर तर विचारूच नका. पण मी कुणाला काही विकत नाही. हायवेला माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. तिथंच बसून मी हा विषय शिकले, आणि फसलेल्यांची तोंडं बघून बघून मोबाईलवर ग्रुप काढला. मराठीत विचारा, मराठीत समजून घ्या, कुणाच्या नादी लागू नका, एवढाच नियम. जिल्हाभरातून माणसं जमली आणि ग्रुपचा पार आठवडी बाजार झाला. सकाळी कुणी नीट प्रश्न विचारला तर दुपारपर्यंत तो सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जायचा. मग मी ठरवलं, स्वतःचा फोरम काढायचा. वेबसाईटवर एकेका प्रश्नाला एकेक पान, खाली उत्तरं, आणि नंतर शोधलं की सापडलं पाहिजे.

निम्मी उत्तरं द्यायचे ते भूमचे एक निवृत्त गणिताचे गुरुजी. एक दिवस त्यांचा फोन आला.

"पोरी, फोरम काय काढायचा तो माझ्या ऑपरेशनच्या आत काढ. मोतीबिंदूचं हाय. पुढं आठ दिवस मोबाईल बंद."

"आठ दिवसांनी काय बिघडतंय, गुरुजी?"

"बिघडतंय. एक माणूस मला गुपचूप विचारत असतो. त्याच्या मागं कुणीतरी फोनवाला लागलाय, बारा शब्द मागतोय. मी डोळा बांधून पडलो की त्यानं विचारायचं कुणाला?"

बारा शब्द म्हणजे क्रिप्टोच्या पाकिटाची किल्ली. मोबाईल हरवला तरी ते शब्द घातले की पाकीट उघडतं. आपण घातले तर आपलं, चोरानं घातले तर चोराचं. पुढं ना बँक, ना मॅनेजर, ना तक्रार.

"कोण आहे? नाव सांगा, आत्ता जाऊन कान धरते त्याचा."

"म्हणून तर सांगत न्हाय," गुरुजी म्हणाले.

मी तीन सॉफ्टवेअर काढून बघितली. पहिलं परदेशी, आयतं आणि फुकट. नुसतं नाव घालायचं की फोरम तयार. पण पानापानावर जाहिराती, आणि त्याही कसल्या, तर महिन्यात दुप्पट करून देणाऱ्यांच्या! म्हणजे चोर हाकलायला कुलूप आणायचं आणि चोरालाच उंबऱ्यावर बसवायचं. ते तिथल्या तिथं बंद केलं. दुसरं फार देखणं होतं. फोटो, बिल्ले, चांगलं उत्तर दिलं की पदवी, सगळं. मात्र खातं उघडल्याशिवाय आत प्रवेश नाही. तिसरं जुनाट, राखाडी, सरकारी अर्जासारखं. हलकं म्हणावं तर एक दांडी रेंजवर सुद्धा उघडायचं. त्यात खातं न उघडता प्रश्न विचारता यायचा, खातं असलं तरी लिहिताना नाव झाकता यायचं, आणि आलेला मजकूर चालकानं मंजूर केल्याशिवाय कुणाला दिसायचा नाही.

मी दुसरं घेतलं. माझा हिशोब सरळ होता. लबाड माणूस नाव लपवतो, मग नाव सांगणाऱ्यालाच आत घ्यावं. वर माझ्या डोक्यातून तीन सक्तीचे रकाने घातले: नाव, गाव, तालुका. आमच्याकडं अनोळखी माणसाला पाणी देण्याआधी 'कुणाकडले?' असं विचारतात. मग फोरमवर का नको?

व्हायचं तेच झालं. पहिल्या दिवशी मुरुमच्या एकानं साधा प्रश्न विचारला. त्याला उत्तर कुणी दिलं नाही, पण 'तुम्ही अमक्यांचे मेहुणे ना?' असं तिघांनी विचारलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या सासऱ्याला खबर, आणि जावई खातं बंद करून पसार. त्यानंतर सगळे नुसते येऊन एकमेकांना रामराम, सलाम करायचे. प्रश्न एक नाही.

शेजारच्या दुकानात दादाला तर आयतंच सापडलं. दादा माझा थोरला भाऊ. त्याचं पाईप आणि मोटारींचं दुकान माझ्या भिंतीला लागून आहे. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या बहिणीचं नाणं निस्तं बघायचं, वाजवायचं न्हाय." मी काय ऐकून घेणारी? "दादा, तुला एटीएमचा पिन तरी आठवतो का? का दर वेळी वहिनीला फोन?" दुकानभर हशा. असं आमचं रोज चालायचं, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

गुरुजींचा परत फोन. "आला का तो माणूस?"

"नाही अजून."

"येणार बी न्हाय. तुझ्या दारात नाव पुकारून आत घेतेत. ज्याला लाज वाटती त्यानं यावं कसं?"

"गुरुजी, आडून बोलणाऱ्यांसाठी मी एवढा खटाटोप नाही केला."

"मग बस तुझे बिल्ले वाटत. परवा माझा डोळा बांधतेत," म्हणाले आणि फोन ठेवला. माझं डोकंच फिरलं. एवढं राबायचं आणि वर हे ऐकायचं! पण तासाभरात राग उतरला आणि कळलं की म्हातारा खरं बोलतोय. चूक झाली की ती कुरवाळत बसणं मला जमत नाही. त्याच दुपारी देखणं काढून टाकलं आणि राखाडी बसवलं. नाव, गाव, तालुका, तिन्ही रकाने उडवले. ग्रुपवर कळवलं, आता नाव न सांगता विचारा.

दुसऱ्या दिवसापासून प्रश्नांची रीघ लागली. माणसं तीच, ग्रुपवर वर्षभर मुकी बसलेली. गुरुजींचं ऑपरेशन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी सव्वाचारला, मंजुरीसाठी हे आलं:

'एक जण फोनवर बारा शब्द मागतोय. पाकीट तपासतो म्हणतो, न्हाईतर बंद पडेल. सहा सांगितले, तेवढ्यात दोन इंची पाईपाचं गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. पाचला तो परत फोन करणार हाय. उरलेले सांगू का? गुरुजी फोन उचलत न्हाईत. आमची बहीण यातली जाणकार हाय, पण तिला कळू द्यायचं न्हाय.'

मी उठून पायरीवर आले. बाहेर ट्रॅक्टरवर पाईप बांधणं चाललं होतं. आत दादा चष्मा लावून, मोबाईल डोळ्यांपाशी धरून बसला होता. उत्तराची वाट बघत होता. माझं नाणं वाजत न्हाय म्हणून गिऱ्हाइकांना हसवणारा माझा भाऊ! 'अरे येड्या' अगदी ओठांवर आलं. पण मी त्याला ओळखते. गिऱ्हाइकांसमोर तो सरळ कानावर हात ठेवणार, 'मी? मी कशाला घेतोय तसलं काही?' आणि माझ्यावरच्या रागानं पाचला उरलेले सहा सांगून मोकळा होणार.

मी परत आत आले आणि प्रश्न मंजूर केला. उत्तराच्या खाली चौकोन होता, 'नाव दाखवू नका'. त्यावर टिक केली आणि लिहिलं, 'एकही शब्द सांगू नका. त्याचा फोन उचलू नका. नवं पाकीट उघडा, त्याचे बारा शब्द कागदावर लिहून घ्या आणि जुन्यातलं सगळं नव्यात हलवा. भिऊ नका. तुम्ही वेळेत विचारलंत.'

लगेच उलट प्रश्न आला, नवं पाकीट कुठं दाबलं की उघडतं? मग नवा पत्ता कुठं दिसतो? मग तेच पुन्हा एकदा. समोर असता तर दुसऱ्या प्रश्नालाच मी कपाळावर हात मारून घेतला असता. इथं एकेक पायरी लिहीत गेले. 'यात तुमची चूक नाही' हे पण लिहिलं, आणि लिहिताना मला रडू आलं. पाच वाजता भिंतीपलीकडं फोन वाजायला लागला. वाजून वाजून बंद पडला, परत वाजला. कुणी उचलला नाही.

साडेपाचला मंजुरीसाठी शेवटचा मजकूर आला: 'हललं सगळं. लई उपकार झाले. बहीण शेजारीच बसती, तिलाच विचारलं असतं, पण ती चार माणसांत घालून पाडून बोलती. तुम्ही एकदा बी बोलला न्हाईत.'

तो एका बटणावर पुसता आला असता. मी पुन्हा वाचला आणि मंजूर केला.