कंप्रेसर गेला नव्हता

माझ्या बायकोला 'बिचारी' म्हणणाऱ्यांनी आज मला फोन करू नये.

वैजूला जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून चार फोन आले. चौघांनीही "बिचारीने फार सोसलं हो" म्हटलं. चौथ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी फोन ठेवला.

सोसलं कसलं? भांडली ती. आजाराशी, डॉक्टरांशी, आणि सगळ्यात जास्त माझ्याशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वैजयंती शाळेत फिजिक्स शिकवायची. पंचेचाळिशीत मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. या आजाराचं उष्णतेशी हाडवैर. अंग तापलं की तिचे पाय लटपटायचे, डोळ्यांपुढे धूसर व्हायचं. अंग थंड झालं की तासाभरात पुन्हा ठीक.

आणि आम्ही राहतो कुठे, तर चेन्नईत!

तिची शाळा अड्यारला, माझी फॅक्टरी पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, आवडीला. त्यामुळे ती स्वतः गाडी चालवत जायची, एसी फुल. एसी आहे तर नोकरी आहे, इतका साधा हिशोब.

एका मे महिन्यात आम्ही कोडाईकनालला गेलो. परतताना घाट उतरून सपाटीला आलो आणि एसी गरम हवा फेकायला लागला.

वर्कशॉपने गॅस भरला. घरी पोचेपर्यंत पुन्हा तेच. पुन्हा भरला. मग म्हणाले, "कंप्रेसर गेला, सार. पार्ट यायला महिना लागेल."

खरं सांगतो, हे ऐकून मला बरं वाटलं.

मी तिच्या व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, फॉर्म आणून भरूनसुद्धा ठेवला होता. फक्त तिची सही बाकी होती.

जूनमध्ये शाळा उघडली. "कॅबने जाईन," म्हणाली. एसी लावा म्हटलं की ड्रायव्हर खिडकी खाली करायचे. दुसऱ्याच दिवशी ती शाळेच्या गेटपाशी मटकन खाली बसली. वॉचमनने धरून आत नेलं.

त्या संध्याकाळी मी फॉर्म आणि पेन तिच्यासमोर ठेवलं. "वैजू, आता पुरे."

"रविवारपर्यंत थांबा," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी बघतो तर बाई खाली पार्किंगमध्ये. मानेभोवती ओला टॉवेल, एसीच्या जाळीत शाळेच्या लॅबमधलं थर्मामीटर खोचलेलं, मांडीवर वही. इंजिन चालू ठेवून दर मिनिटाला आकडा लिहीत होती.

मी बाल्कनीतून ओरडलो, "वर ये! चक्कर येईल!"

"अहो, ओरडू नका. खाली या आणि बोनेट उघडा."

उघडलं.

"एसीच्या त्या जाड पाईपला हात लावा. कसा लागतोय?"

"गार. वर पाणी सुटलंय."

"म्हणजे गॅस आहे, कंप्रेसरही चालतोय. आता हे बघा."

वही पुढे केली. पहिली पाच मिनिटं हवा छान थंड. मग इंजिन तापत गेलं तशी हवाही तापत गेली होती.

"ही उष्णता इंजिनाची आहे. आत हीटर चालू राहिलाय."

मला हसू आलं. चेन्नईत हीटर! गाडीला हीटर असतो हेच इथे कोणाच्या लक्षात नसतं. "हीटरचा नॉब तर निळ्यावर, थंडवर आहे," मी म्हटलं.

"नॉब निळ्यावर आहे. आत काय चाललंय ते कोणी पाहिलं?"

सोमवारी तिने रजा टाकली. मी गाडी चालवत, ती मांडीवर बर्फाची पिशवी घेऊन, असे आम्ही पुदुपेट्टैला राव मेकॅनिककडे गेलो. राव तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. त्यांनी वही पाहिली. मग हीटरला जाणारा रबरी पाईप पकडीने दाबून धरला, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी आत जायचं थांबलं.

तीन मिनिटांत जाळीतून गार हवा!

"अय्यो! मद्रासांत हीटर कोण हो बघणार?" राव म्हणाले. "बाई, तुम्ही टीचर कां, मेकॅनिक कां?"

मग ते डॅशबोर्डखाली शिरले. नॉबची केबल आतल्या झडपेवरून निसटली होती आणि झडप गरमवरच अडकली होती. "कोणी तरी नॉब जोरानें पिळला आहे," ते आतूनच म्हणाले.

तो कोणी तरी मी. कोडाईला तिचे पाय गारठले म्हणून हीटर लावायला गेलो होतो. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला नॉब, फिरेना. मी ताकद लावली, आणि उतरताना तसाच पिळून परत निळ्यावर आणला. नंतर माझ्या डोक्यातूनच गेलं.

मी तिथेच कबूल केलं. तिने ऐकून घेतलं.

"मोडलंत त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण दुरुस्त होऊ नये असं वाटत होतं ना तुम्हाला?"

तिने हात पुढे केला. "चावी द्या."

घरी तीच चालवत आली.

त्या रात्रीच्या जेवणाआधी तिने व्हीआरएसचा फॉर्म उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर नववीच्या मुलांसाठी प्रश्न लिहिला: 'गाडीचा एसी पहिली पाच मिनिटं थंड हवा देतो, नंतर गरम. कारण सांगा.'

त्यानंतर सहा वर्षं ती शाळेत गेली. पुढे काठी आली, मग व्हीलचेअर. शेवटच्या वर्षी मी रिटायर झालो होतो, तेव्हा मी तिला सोडायचो, एसी फुल करून. ती साठाव्या वर्षी, ठरल्या तारखेला निवृत्त झाली. एक दिवसही आधी नाही. न्यूमोनियाने तिला गाठलं ते त्यानंतर.

वैजू, जपतो जपतो म्हणत मी तुला घरी बसवायला निघालो होतो.

ती सहा वर्षं मी तुला दिलेली नाहीत. तू ती माझ्या हातातून हिसकावून घेतलीस.

फार बरं केलंस.

तुला माझा नमस्कार.