चायनीजची कढई

सुमनवहिनी गेल्याचं त्यांच्या सुनेनं खिडकीतून सांगितलं तेव्हा मी कोबी चिरत होते. ‘काकू, आई गेल्या,’ एवढंच ती म्हणाली. मी हात पुसले, शेजारी गेले, बसायचं तेवढं बसले. डोळ्यांत पाणी काही आलं नाही. घरी येऊन उरलेला कोबी चिरला. आता महिना उलटलाय. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण सतरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या बाईविषयी खोटं लिहायचं म्हणजे... ते मला जमणार नाही. मला त्यांचा राग होता. अजून आहे.

शहापूरच्या या चाळीत आम्ही आलो ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मी मुरबाडला शाळेत शिकवायला जायचे, हे आसनगावहून मुंबईला. माझं माहेर वैशाखऱ्याचं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, त्यामुळे आमच्या भिंतीवर दारातूनच दिसेल असा बुद्धाचा फोटो. वहिनींनी तो पहिल्याच दिवशी पाहिला. बाई बोलायला मात्र मोठी लाघवी. माझी दोन वर्षांची मुलगी दिवसभर त्यांच्या ओट्यावर खेळायची, त्यांच्या हातचा वरणभात खाऊन झोपायची. हे उपकार मी नाकारत नाही. त्यांच्याकडून आमच्याकडे वाट्या यायच्या, कधी अळूची भाजी, कधी घावन. आमच्याकडची वाटी मात्र त्या कधी घ्यायच्या नाहीत. ‘आज उपास हाय गो,’ ‘पोट बरं नाय,’ ‘आत्ताच जेवली मी.’ वर्षभर मी त्यांच्या पोटाची काळजी करत होते, इतकी मी भोळी.

मग आमच्या घरात चायनीज आलं. ह्यांना ऑफिसजवळच्या गाडीवरच्या नूडल्सची चटक लागलेली. एका शनिवारी कल्याणला उतरून सोया सॉस, चिली सॉस आणि व्हिनेगर अशा तीन बाटल्या घेऊन आले. मी आपली अंदाजपंचे सुरुवात केली. कोबी, गाजर, सिमला मिरची, भरपूर लसूण. लाल मिरच्या भिजवून वाटल्या आणि त्याला शेजवान म्हणायला लागले. व्हिनेगर संपलं की आंबोशी, म्हणजे वाळवलेली कैरी, भिजवून तिचं पाणी घालायचे, आणि खरं सांगते, बाटलीपेक्षा ते फक्कड लागायचं. वास चाळभर गेला. वहिनी दारात आल्या. ‘काय करतंस गो?’ ‘चायनीज.’ त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्या एक लोखंडी कढई घेऊन आल्या. ‘ही घे. चायनीज हिच्यातच करायचं. तुझ्या टोपात करपंल.’ मला कोण आनंद झाला. आणि त्या रविवारी वहिनी आमच्या घरात, आमच्या पाटावर बसून, पहिल्यांदा माझ्या हातचं जेवल्या. दोनदा मागून घेतलं. ह्यांना मी म्हटलं, बघा, शेवटी माणूस जवळ येतंच.

दोन वर्षांनी एकदा घाईत मी त्याच कढईत बोंबलाचं कालवण टाकलं. वहिनी दारातून डोकावल्या, पाहिलं आणि गेल्या. संध्याकाळी माझ्या मुलीला सोडायला आल्या तेव्हा कढई मागून नेली. पाहते तर त्यांनी अंगणात तीन विटा मांडून जाळ केलेला, कढई राखेनं घासून त्यावर उपडी ठेवलेली, लाल होईपर्यंत. बोंबील त्यांच्याही घरी रोज शिजायचे, तेव्हा प्रश्न बोंबलाचा नव्हताच. निवल्यावर कढई परत आणून दिली. ‘आता हिच्यात तुमचं दुसरं काय करू नको,’ म्हणाल्या, तेही हसून. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती मला दिलेली भेट नव्हती. माझ्या घरात त्यांनी आपलं भांडं ठेवलं होतं.

मी कढई त्यांच्या अंगावर फेकायला हवी होती. नाही फेकली. मुलगी त्यांच्या ओट्यावर होती, मुरबाडची एसटी सकाळी सातची होती. पण सूड मी घेतला. नूडल्सची पाकिटं आणायची बंद केली. माझी आई वैशाखऱ्याला तांदळाची उकड काढून साच्यातून शेवया पाडायची, उन्हात वाळवून माझ्यासाठी पाठवायची. त्या शेवया मी सोया सॉसमध्ये परतल्या, वर आंबोशीचं पाणी, लसूण, कांद्याची पात. वहिनींनी बोटं चाटली. ‘आजचे नूडल्स लय भारी हां संगीता.’ पुढे दहा वर्षं त्या माझ्या आईच्या हातचं खात राहिल्या, आणि मी मनातल्या मनात हसत राहिले. कधीतरी तोंडावर सांगेन म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

ते सांगितलं शेवटच्या भेटीत. अंथरुणाला खिळल्या होत्या, तोंडाला चव नव्हती, ‘तुझं चायनीज आण’ असा निरोप आला. मी डबा नेला, भरवायला लागले. दोन घास पोटात गेल्यावर म्हटलं, ‘वहिनी, ह्या पाकिटातल्या नायत. माझ्या आईनं पाडलेल्या शेवया हायत. दहा वर्षं ह्याच खाताय तुमी.’ त्यांनी तोंडातला घास नीट चावून गिळला. ‘ठाऊक हाय गो. पाकिटातले असे असतात काय?’ मी म्हटलं, ‘मग?’ त्या म्हणाल्या, ‘मग काय... तू चायनीज बोलायचीस ना. कोणी इचारलं तर सांगता येत होतं.’ आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. मी भरवला. पण तो मायेनं नव्हे. त्या खरोखरच विटाळ मानत असत्या तर निदान तसं समजून मी सोडून दिलं असतं. पण मानत नव्हत्या. फक्त शेजारीपाजारी काय म्हणतील एवढ्यासाठी त्यांनी मला अंगणात तो जाळ पाहायला लावला.

दहाव्याला पानावर त्यांच्या आवडीचं म्हणून चायनीज ठेवलं होतं, आसनगावच्या गाडीवरून आणलेलं. आमच्या दारात कोणी मागायला आलं नाही. कावळा लगेच शिवला म्हणे.

परवा सून आली. ‘काकू, आईंची एक कढई तुमच्याकडे आहे ना? आठवण म्हणून ठेवीन.’ कढई त्यांची आहे, परत द्यायलाच हवी. पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, असं माझ्या आईनं मला लहानपणापासून शिकवलंय. सकाळचे अकरा वाजलेत, सगळी चाळ ओट्यावर बसलीय, आणि माझ्या शेगडीवर त्या कढईत बोंबलाचं कालवण रटरटतंय. झालं की तशीच भरलेली उचलून अंगणातून चालत नेणार आहे. कोणी विचारलं तर सांगणार आहे, हे चायनीज नाही.