दाजींचा डावा तळहात

डोळे मिटून काम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण डोळे मिटल्यावर ज्याचं काम सुधारतं असा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच, आणि तो म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे यजमान. धंदा मोटारींच्या अंगावरचे पोचे काढून रंग देण्याचा. नांदेडात मुदखेडच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये हा उद्योग चाले, आणि त्यात रंग ही अगदी किरकोळ बाब आहे असं त्यांचं ठाम मत होतं. “रंग कुणीबी देतंय. खाली पत्रा सरळ पाहिजे.” आता पत्रा सरळ झाला की नाही हे तुम्ही-आम्ही डोळ्यांनी बघू. दाजींचा डोळ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या मते डोळा गिऱ्हाइकाची भीड धरतो, घाई असली की खड्डा दिसूनही न दिसल्यासारखं करतो. हाताला असला मुलाहिजा ठाऊक नाही. म्हणून ते बॉनेटवर जुन्या धोतराचा मऊ तुकडा पसरत, त्यावर डावा तळहात टेकवत आणि डोळे मिटून तो इतका सावकाश फिरवत की बघणाऱ्याला वाटावं, गाडीला झोपवून राहिलेत.

उजवा हात हातोडीनं राठ झालेला, तेव्हा सगळा मान डाव्याला. या हातानं त्यांनी कधी बाजाराची पिशवी उचलली नाही, की गरम चहाचा ग्लास धरला नाही. अक्का रोज रात्री त्याला खोबरेल देई आणि पुटपुटे, “माझ्या हातांना कुणी इचारलं न्हाई.” आणि हा हात शेडपुरता राहिला असता तर काय पाहिजे होतं. ताटातल्या भाकरीवरूनही तो फिरायचा आणि कडेला जाड लागली की दाजी मान हलवायचे. भोकरला एका लग्नात आशीर्वाद द्यायला म्हणून पुढे झाले आणि सवयीनं नवरदेवाच्या गालावरून हात फिरवून म्हणाले, “डावीकडं थोडं ऱ्हायलं बघा.” नवरदेव लाजला, न्हाव्यानं मात्र त्यानंतर दाजींना ओळख दिली नाही.

असा माणूस नांदेडात सुखात होता. पण लातूरचा नवा जिल्हा झाला आणि दाजींच्या डोक्यात हिशेब सुरू झाला: जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या येणार, कचेऱ्या आल्या म्हणजे जिपा येणार, आणि सरकारी जीप आली म्हणजे ती कशाला तरी धडकल्याशिवाय राहणार नाही. झालं, अक्कासकट बिऱ्हाड लातूरला हललं. जिपा आल्या, पण त्यांच्या आधी दुष्काळ येऊन बसला होता. दाजींच्या कामाला पाणी लागतं. खड्ड्यात पुट्टी भरली की ती पाण्याच्या पॉलिशपेपरनं घासावी लागते. कोरडी घासली तर ओरखडे. बोअरचं पाणी खारं, ते रंगाखाली राहिलं की पहिल्याच उन्हात फोड येतात. म्हणजे पाणी हवं गोडं, आणि गोडं पाणी आठवड्याला एकदा टँकरनं यायचं, घागरी मोजून.

त्या दिवसांत मी चार दिवस त्यांच्याकडे होतो आणि तेव्हाच एका कचेरीची जीप आली. सोमवारी मुंबईहून मोठे साहेब दुष्काळ पाहायला येणार, त्याआधी बॉनेट नवं दिसलं पाहिजे, असं कचेरीतले बाबू सांगून गेले. पसंत पडलं तर कचेरीच्या साऱ्या गाड्या दाजींकडे; नाहीतर शेडला कुलूप आणि बिऱ्हाड परत नांदेडला. दाजींनी फडका टाकला, हात फिरवला आणि मधेच डोळे उघडून मला म्हणाले, “पाव्हणं, ही धडक न्हाई. ही घागर हाय. ही कळशी. हिनं लई जोरात हाणलंय.” मग जीप घेऊन आलेल्या ड्रायव्हरनं खरं काय ते सांगितलं. एका गावात बाया टँकरची वाट बघत बसल्या होत्या आणि धुरळा उडवत आली ही जीप. बायांनी जीप घेरली आणि रिकामी भांडी बॉनेटवर आदळली.

तीन दिवस दाजींनी आतून लोखंडी ठोकळा धरून, वरून हलके टिपके देत एकेक घागर न् कळशी पत्र्यातून काढून टाकली. घरातलं पाणी बाहेर जाऊ लागलं. अक्का आधी बोलली, मग भांडी राखेनं कोरडीच घासू लागली. रविवारी दुपारी एकच पोचा उरला, डाव्या दिव्याजवळ, बारका. त्याच्यामागे बॉनेटची पट्टी आडवी, ठोकळा आत जाईना. पुट्टी भरून घासण्यावाचून इलाज नव्हता. दाजींनी त्यावर बराच वेळ हात ठेवला. “म्हातारी असंल,” ते म्हणाले. “जोर न्हाई. पर दोनदा हाणलंय.”

अक्का आतून घागर घेऊन आली. “घ्या. शेवटची हाय. टँकर मंगळवारी.” तिचा आवाज साधा होता, राग असता तर बरं वाटलं असतं. दाजी घागरीकडे बघत राहिले, मग पोच्याकडे. ज्या माणसानं नवरदेवाचा गाल सोडला नाही तो आता काय करणार हे मला ठाऊक होतं, आणि माझा अंदाज साफ चुकला. “पाव्हणं, घागर आत ठिवा,” ते म्हणाले, आणि पोच्यासकट बॉनेटला रंग दिला.

सोमवारी बाबू आले, जीपभोवती फिरले, आरशासारखं झालंय म्हणाले, पुढच्या दोन गाड्या उद्याच पाठवतो म्हणाले. दाजींनी गप्प राहायचं होतं की नाही? पण नाही. “साहेब, दिव्यापाशी एक ऱ्हायलाय,” म्हणत त्यांनी बाबूंचं बोट धरून पोच्यावर टेकवलं. तोवर बाबूंना काही दिसत नव्हतं. त्यानंतर त्यांना दुसरं काही दिसेना. उद्याच्या गाड्या आल्या नाहीत. दिवाळीच्या आत बिऱ्हाड नांदेडला परतलं. मला दाजींचा त्या वेळी भयंकर राग आला होता, आणि तेवढंच त्यांच्यावरचं प्रेम वाढलं होतं.

पुढे कधीतरी ती जीप भंगारात निघाली आणि दाजींनी ओळखीनं बॉनेट मिळवलं. नांदेडात विष्णुपुरीकडच्या त्यांच्या घरात ते अजून भिंतीला टेकवलेलं आहे. आता नळाला पाणी आहे. गेल्या खेपेस अक्का म्हणाली, “आता तरी सरळ करून टाका की ते.” दाजींना आताशा नीट दिसत नाही. “ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “तेवढं एक त्या म्हातारीचं हाय.”

मी सहज डोळे मिटून बॉनेटवर हात फिरवला. मला काही लागेना. तेव्हा दाजींनी माझं मनगट धरलं, त्या डाव्या हातानं, ज्यानं कधी पिशवी उचलली नाही, आणि माझा तळहात हळूच दिव्याच्या जागेपाशी नेला. त्यांचा हात अजून मऊ होता.

“लागलं?”

“हाव दाजी,” मी म्हणालो, “लागलं.”