का नको ते सांगणारे राणोजी वस्ताद

राणोजी वस्तादांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी काठी टेकत त्यांच्या तालमीत शिरलो होतो. वय अवघे बत्तीस. मुदतीच्या तापाने मला सात आठवडे अंथरुणाला खिळवले होते. ताप उतरला, पण गेलेले बळ काही परतले नाही. पाण्याने भरलेला तांब्या उचलला तरी हात कापत असे.

मी तेव्हा जुन्या जालन्यात वस्तानिया, म्हणजे मधल्या वर्गांच्या सरकारी शाळेत गणित शिकवत होतो. माझा वर्ग माडीवर होता. सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर, यांनी मला पाच महिन्यांची रुखसत मिळवून दिली होती. ही रजा संपेपर्यंत ‘कामास लायक’ असा सरकारी डॉक्टरांचा दाखला आणला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. घरी पत्नी आणि दोन लहान मुली. शेजाऱ्यांनी वस्तादांचे नाव सुचवले तेव्हा मला हसू आले. माझ्यासारख्याने पहिलवानांच्या वस्तादाकडे जाऊन करायचे तरी काय?

वस्तादांनी माझी नाडी पाहिली नाही की दंड चाचपला नाही. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. “मास्तर, जिना चढताना तुम्हाला आधी दम लागतो का आधी मांड्या कापत्यात?”

मला सांगता येईना. दोन महिने मी माझ्या शरीराला घाबरत होतो, पण त्याच्याकडे नीट पाहिले असे कधी झालेच नव्हते. वस्ताद म्हणाले, उद्या बघून या. दुसऱ्या दिवशी मी घराच्या पायऱ्या मुद्दाम चढलो. पाचव्या पायरीला मांड्या कापू लागल्या, दम मात्र शाबूत होता. हे सांगताना मला चक्क उत्साह वाटत होता. आजार हा नुसता भोगायचा नसतो, तो समजूनही घेता येतो, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळले.

वस्ताद मूळचे परतूरजवळच्या आष्टीचे, मेंढपाळाच्या घरातले. माझ्यासाठी त्यांनी जो क्रम आखला तो त्यांना कुठल्या गुरूने दिलेला नव्हता. आजारातून उठलेल्या मेंढीला त्यांचे वडील लगेच कळपाबरोबर पिटाळत नसत. आधी तिला मेंढवाड्याजवळच चारत, मग ओढ्यापर्यंत नेत, आणि ती आपण होऊन पुढे धावू लागली की मगच कळपात सोडत. हे लहानपणी पाहिलेले वस्तादांनी माणसाला लावून पाहिले. पहिला आठवडा मी तालमीत घोंगडीवर नुसता बसून श्वास मोजला. मग तालमीपासून कुंडलिका नदीच्या काठापर्यंत चालत जायचे आणि परतायचे. मग भिंतीला हात लावून अर्ध्या बैठका. मग आखाड्याची माती कुदळीने हलकेच खालीवर करायची. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. खाण्यातही तेच. आधी ज्वारीच्या कण्या आणि ताक. दूध सुरू केले ते मला सकाळी भुकेने जाग येऊ लागल्यावर.

माझी झोप कशी लागते हे मात्र ते मला कधी विचारत नसत. आठवड्यातून एकदा घरी येऊन ते ओसरीवर बसत आणि माझ्या पत्नीला विचारत. तिला ते वहिनी म्हणत. मी एकदा कुरकुरलो, तेव्हा ते म्हणाले, आजारी माणूस खोटे बोलत नाही, पण स्वतःबद्दल बराबर सांगतही नाही.

त्यांच्या या चौकसपणाला तालमीची चौकट पुरत नसे. नव्या जालन्यात स्टेशनावर कापसाच्या गाठी चढत, तिथे ते तास तास जाऊन बसत. कासिमभाई नावाचे एक म्हातारे हमाल होते. या वयात त्यांची कंबर कशी दुखत नाही, हे वस्तादांना जाणून घ्यायचे होते. कासिमभाईंनी सांगितले की ओझे मी उचलतच नाही, ओझ्याखाली बसतो आणि फक्त स्वतः उठतो. वस्तादांनी दुसऱ्या दिवसापासून तालमीतल्या बैठकांची ढब बदलली आणि हे आपल्याला कुणी शिकवले तेही सगळ्यांना सांगितले. नावाजलेल्या वस्तादाने हमालाला गुरू म्हणावे, हे काहींना रुचले नाही. वस्तादांना त्याचे काहीच वाटले नाही.

आता जे लिहितो आहे ते मी चौदा वर्षांत चारचौघांत कधी बोललो नाही.

सहाव्या आठवड्यात मला बरे वाटू लागले आणि घाई सुटली. तालमीतली तरणी पोरे दंड काढत आणि मी मात्र भिंत धरून उभा. दंड इतक्यात नको, असे वस्तादांनी बजावले होते. तरी एका सकाळी घरामागच्या अंगणात मी गुपचूप दंड काढायला लागलो. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी धुण्याच्या दगडावर कपाळ आपटून पडलो. जखम चिघळली, ताप उलटला, तीन आठवडे फुकट गेले.

दुसऱ्याच दिवशी वस्ताद घरी आले. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्यांनी विचारले, किती काढले? मी म्हणालो, अकरा. अंधारी कितव्याला आली? नवव्याला. मग पुढचे दोन का काढले?  त्यांनी माझ्या कपाळावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, “मी तुम्हाला नको म्हनलो. का नको, ते सांगितलं न्हाई. गनिताच्या मानसाला कारन सांगाया पायजे होतं. चूक माझी झाली.”

रुखसत संपत आली होती. मी पुन्हा चालू लागताच वस्ताद मला घेऊन सदर मुदर्रिसांकडे गेले. डोक्याचा पटका सारखा करून, हात जोडून उभे राहिले. म्हणाले, “साहेब, मास्तर बराबर सुधरून राह्यले होते. मधी माझ्या चुकीनं तीन हप्ते वाया गेले. त्याची सजा त्यांना नको. एक महिना द्या.”

मी शेजारीच उभा होतो. चूक माझी आहे, एवढे तीन शब्द मला बोलता आले असते. पण बेपर्वा ठरून जागा जाईल या भीतीने मी तोंड उघडले नाही. सदर मुदर्रिसांनी माझ्या कपाळावरच्या खुणेकडे पाहिले, मग वस्तादांकडे पाहिले, आणि महिना वाढवून दिला.

त्या महिन्यात वस्तादांनी मला पुन्हा श्वास मोजण्यापासून सुरुवात करायला लावली. फरक इतकाच की आता प्रत्येक पायरीला कारण मिळत होते. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या देखत पहिले पाच दंड काढले. डॉक्टरांनी छाती तपासली, वीस बैठका काढायला लावल्या आणि दाखल्यावर सही केली. शाळेच्या माडीवर मी काठीशिवाय गेलो. त्या संध्याकाळी धाकटीला खांद्यावर घेऊन मी तालमीत पेढे नेले.

आज तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला प्रत्येक नियमाचे कारण सांगतात. जुने गडी हसतात, वेळ जातो म्हणतात. वस्ताद सांगत राहतात. एखाद्याचे कारण त्यांना स्वतःलाच ठाऊक नसले, तर तसेही सांगतात.

एक कुतूहल मात्र मला वर्षानुवर्षे छळत होते. त्या दिवशी वस्तादांनी मला वाचवण्यासाठी दोष अंगावर घेतला, की त्यांना खरोखरच तसे वाटत होते? वस्तादांच्या साठीच्या सत्कारासाठी हा लेख लिहायचे ठरले तेव्हा मी धीर करून विचारले, आणि माझ्या गप्प बसण्याची माफीही मागितली. वस्ताद आखाड्याची माती सारखी करत होते. हातातले काम न थांबवता म्हणाले, “मास्तर, त्या दिवशी मला तुमची चूक दिसलीच न्हाई. माझीच दिसली. मंग तीच बोललो.”

माझी चूक मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. ती बोलायला मला चौदा वर्षे लागली. म्हणून ती इथे, वस्तादांच्या सर्व शिष्यांसमोर आणि स्नेह्यांसमोर लिहून ठेवत आहे.

वस्तादांना आता साठ पूर्ण होत आहेत. सत्काराला ते नाखूश होते, पण साठीबद्दल मात्र त्यांना फार उत्सुकता आहे. परवा म्हणाले, तरण्या अंगाचे मला ठाऊक आहे, आजारी अंगाचेही थोडे कळते, साठीनंतरचे अंग कसे चालते ते कुणी सांगितले नाही, आता स्वतःच बघतो. परमेश्वराने त्यांना हे बघायला भरपूर वर्षे द्यावीत, आणि ती सगळी चालत्या पायांची आणि गाढ झोपेची असावीत. वस्तादांनी पुढे चालत राहावे आणि वाटेत काय काय लागते ते आम्हाला सांगत राहावे. आम्ही मागून येतोच आहोत.